राखण गेली, कायदा आला

मार्च उजाडला की इंग्लंडातून आतेभावाचा फोन ठरलेला. कुडाळ तालुक्यात त्याच्या वाट्याला नारळ-काजूची वाडी आली आहे. घराला कुलूप असतं, आणि वाडीत माणूस दिसतो तो गणपतीत नाहीतर मे महिन्यात. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. त्यामुळे अशा कुलूपबंद वाड्या आता गावोगाव आहेत. "दादा, ह्या वर्षी माकडांनी किती नेले?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न. यंदा त्याने पुढे विचारलं, "कायद्यात बसेल आणि जनावराचे हालही होणार नाहीत, असं काही इथून पाठवता येईल का?"

हा प्रश्न मी शेजारच्या काकींच्या कानावर घातला. त्या आंबाड्याची साल काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाडीत माणूस नाय, तर माकडा येतलीच." नंतर जुने-नवे कायदे चाळताना लक्षात आलं, की काकींचं हे वाक्य इथल्याच काय, तिकडच्याही कायद्याच्या गाभ्याशी आहे.

कोकणात पिकाचा बंदोबस्त म्हणजे राखण. भात निसवलं की पोरांच्या हातात डबे आणि गोफणी यायच्या. डोंगरउतारावर नाचणी-वरी असायची, तिथे रात्री मांगरात नाहीतर माळ्यावर माणूस झोपायचा. खरं तर झोपायचा नाही, कोल्हेकुईपासून पहाटेपर्यंत मधून मधून आरोळी द्यायचा. वाडीभोवती जांभ्या दगडाचा गडगा, त्यावर निवडुंग नाहीतर घायपात, आणि जिथे दगड परवडत नसे तिथे दरवर्षी नव्याने घातलेली काट्यांची वई. राखणीत देवही वाटेकरी होता. सिंधुदुर्गात जागेचा म्हणून एक राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, म्हणजे कोंबडा, आणि गाऱ्हाणं घालायचं. शेत राखणं आणि देवाला मान देणं या दोन्ही गोष्टींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, यात मला तरी फार काही कळून येतं.

त्या राखणीत जनावरं मरत नसत असं मुळीच नाही. गावची पारध होती, आरडाओरडा करून जनावर उठवायचा हाका होता, ठासणीची बंदूक होती. रानडुक्कर मारलं की वाटे पडत. इंग्रजी अंमलात वाघ-बिबट्या मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई, म्हणजे जनावर मारणं हा गुन्हा सोडाच, कमाईचा मार्ग होता. शेतसंरक्षणाची बंदूक त्याच काळात कोकणात रुजली. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही तिला वेगळी जागा ठेवली: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना. आजही कोकणात आजोबांच्या नावचा असा परवाना वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी लोक हेलपाटे घालताना दिसतात.

उंदरांची गोष्ट निराळी. उंदीर हा शेतकऱ्याचा शत्रू होताच, पण त्याला सरकारचा शत्रू केलं ते प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, आणि चाकरमानी मिळेल त्या गलबताने कोकणात पळाले. उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. त्यानंतर उंदीर मारणं हे सार्वजनिक काम झालं. मुंबई महापालिकेत रात्री काठी आणि बॅटरी घेऊन हिंडणारे मूषक संहारक आजही आहेत. उंदीर कसाही मारला तरी चालतो, ही आपल्या मनात बसलेली समजूत त्या दहशतीतून आली असावी. हे माझं मत, पुरावा मागू नये.

मग विष आलं. दुकानात 'उंदराचं औषध' म्हणून मिळतं त्यातलं झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की विषारी वायू होतो आणि उंदीर लवकर मरतो. पण उंदीर हुशार. एखाद्याने थोडंसं खाल्लं, आजारी पडला आणि वाचला, तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड खाऊ घालायची रीत पडली. रक्त न गोठू देणाऱ्या विषांची कथा तर एखाद्या कादंबरीतली वाटावी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन विद्यापीठात धडकला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं, आणि त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांवर बाजारात आलं. पुढे हेच औषध रक्त पातळ ठेवण्यासाठी माणसांनाही देऊ लागले. उंदीर पहिल्या घासाला मरत नाही, काही दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला संशय येत नाही. पण त्या काही दिवसांत तो सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि धामण किंवा गव्हाणी घुबड त्याला खाऊन तेच विष पोटात घेतं. १९५८ मध्ये स्कॉटलंडात वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर सापडले, तेव्हा आणखी जहाल विषं आली. आपल्याकडे वापरतात ते ब्रोमाडिओलोन त्यांतलंच. धामण मारणं आपल्याकडे गुन्हा आहे, धामणीला विष चारणारा उंदीर मोकळा सोडणं मात्र कोणाच्या नजरेत येत नाही.

योगायोग असा, की १९५८ मध्येच केरळात जहाजातून आलेल्या धान्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळून शंभरावर माणसं दगावली. त्या धक्क्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. उंदराचं विषही त्याच कायद्याखाली येतं. डब्यावर लिहिलेल्या प्राण्यासाठी आणि लिहिलेल्या पद्धतीनेच ते वापरायचं. केळ्यात घालून माकडांना टाकलेलं विष म्हणजे एका दमात दोन-तीन कायद्यांचा भंग.

माणुसकीचा मुद्दा कायद्यात आला तो बराचसा एका बाईंच्या चिकाटीने. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. त्यांनी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध खाजगी विधेयक मांडलं. सरकार स्वतः कायदा करील या नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६० चा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, तो आजही तेवढाच. या दंडाने कोणाचा हात थांबला असेल असं वाटत नाही. पण विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे, हे तत्त्व तरी कागदावर आलं. उंदराला चिकटवून तडफडत ठेवणाऱ्या गोंदाच्या पट्ट्यांविरुद्ध प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना सूचना दिल्या, त्या याच कायद्याच्या आधाराने.

खरा बदल १९७२ चा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि वन्यजीव संरक्षण कायदा दोन्ही त्या एकाच वर्षातले. एकाने इथे झाडं कशी वाढवायची ते सांगायला सुरुवात केली, दुसऱ्याने ती खाणाऱ्यांना हात लावायचा नाही असं सांगितलं. कायद्याने शिकारीची व्याख्या रुंद केली. मारणं तर आलंच, पण पकडणं, विष घालणं, फास लावणं, सापळा मांडणं, हाका घालणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. सुरुवातीला परवान्याने शिकार करायची वाट होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. उरली ती दोन दारं. मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने एखाद्या प्राण्याबाबत लेखी परवानगी द्यायची, किंवा केंद्राने ठराविक भागापुरतं आणि ठराविक मुदतीपुरतं एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करायचं. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडं अशी जाहीर झाली होती. बिहारात मोकामा भागात नेमबाज आणून नीलगाई मारल्या, तेव्हा दिल्लीत मंत्र्या-मंत्र्यांतच जाहीर वाद झाला.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि कोकणाच्या दृष्टीने तिच्यात एक मेख आहे. उंदीर, घुशी, कावळे, फळं खाणारी वटवाघळं यांची उपद्रवी म्हणून जी वेगळी अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली प्राण्यांची यादी, होती ती गेली. उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड अनुसूचीतून बाहेर पडलं. आपल्याकडचं लाल तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं, ज्याला इथे केलडं म्हणतात, ते मात्र पहिल्या अनुसूचीत गेलं. म्हणजे पिकाचं नुकसान हे त्याला मारायचं कारणच होऊ शकत नाही. ते माणसाच्या जिवावर उठलं असेल किंवा बरं न होण्याइतकं जायबंदी नाहीतर आजारी असेल तरच, आणि तेही पकडून हलवणं शक्य नसेल तर. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, त्यासाठी पिकाच्या नुकसानीचं कारण चालतं. पण परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता, त्याचे वाटे घालायचे नाहीत. गावातली निम्मी हौस इथेच विरते.

आता आतेभावाच्या तिकडच्या देशाचं. आपल्याकडे समजूत आहे की 'फॉरेन'चं ते दयाळू. इंग्लंडच्या शेतांत दातेरी पोलादी जबड्याचे सापळे शंभरावर वर्षं चालले. पाय अडकलेलं जनावर त्यात रात्र रात्र राहायचं. १९५४ च्या कायद्याने त्यांचा काळ संपवायचं ठरवलं, आणि प्रत्यक्ष बंदी १९५८ च्या जुलैअखेर आली. गोंदाच्या पट्ट्यांवर इंग्लंडमधली बंदी तर अगदी परवाची, कायदा २०२२ चा आणि अंमल ३१ जुलै २०२४ पासून. परवानाधारक व्यावसायिकाला त्या पट्ट्या अजूनही अपवादाने वापरता येतात. फास वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये पुरते बंद केले. इंग्लंडात ते अजून काही अटींवर चालतात, आणि त्यांतली एक अट मला फार महत्त्वाची वाटते: लावलेला फास दररोज निदान एकदा तपासला पाहिजे. न्यूझीलंडमध्ये पाय धरणाऱ्या सापळ्याला अट आहे, सूर्योदयानंतर बारा तासांच्या आत पाहून यायचं, रोज. म्हणजे तिकडचा कायदासुद्धा शेवटी विचारतो तो काकींचाच प्रश्न. जागेवर माणूस आहे का?

आपल्याकडे तो माणूस गेला, आणि जमीनही बदलली. १९९० पासून रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेने डोंगर काजू-आंब्याने भरले. त्याआधीच्या नाचणी-वरीला रात्रीची राखण लागायची, काजूला लागत नाही अशी समजूत झाली. पडीक शेतात रान माजलं. डुक्कर, साळिंदर, माकडं यांना आडोसाही मिळाला आणि बोंडूही. दक्षिणेकडे गवे शेतात उतरू लागले, आणि २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती आले, पण तो वेगळाच विषय.

राखणीची जागा घेतली ती फासकीने. गिअर केबलची नाहीतर तारेची फासकी डुकरासाठी वईच्या भगदाडात लावायची आणि मुंबईला निघून जायचं. तिच्यात डुक्कर सापडतं तसा बिबट्याही सापडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या वर्तमानपत्रांत फासकीत अडकलेल्या बिबट्याची बातमी दरवर्षी वाचायला मिळते. आमच्या गावाजवळ एक असाच कमरेला तार रुतून रात्रभर ओरडत होता. फासकी कोणी लावली ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि पंचनाम्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग कायद्यात बसणारं आणि हाल न करणारं काय उरतं? थोडं उरतं, पण ते पार्सलने येत नाही. नारळाच्या खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर गुळगुळीत पत्रा गुंडाळला की उंदीर चढत नाही. मात्र शेजारच्या झाडाच्या झावळ्या लागत असतील तर तो तिथून येतो, म्हणून झाडं साफ ठेवावी लागतात. खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, तो बदलावा लागतो. शेंडे साफ करणारा पाडेली मिळवणं हे आजकाल माकड पकडण्याइतकंच कठीण झालं आहे. घरात जिवंत पकडायचा पिंजरा चालतो, पण उंदीर त्यात उपाशी ठेवायचा नाही. सौर कुंपण चालतं, तारेत थेट वीज सोडणं चालत नाही, त्याने माणसंही मेली आहेत. केलडी पकडायची तर वनखात्यामार्फतच. ती पकडून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडतात, अशी तक्रार इकडचे तिकडच्यांवर आणि तिकडचे इकडच्यांवर करतात, आणि बहुधा दोघांचंही खरं असतं. हिमाचलने २००६-०७ पासून माकडांची नसबंदी केली, तरी तिथे पुढे त्यांना उपद्रवी जाहीर करावं लागलंच. नुकसानभरपाई हवी तर वेळेत कळवायचं, आणि पंचनाम्याला कोणीतरी जागेवर उभं राहायचं.

आणि ठासणीची ती बंदूक? २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात आली, २०२४ ची नोव्हेंबरात. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. भात नेमकं तेव्हाच कापणीला आलेलं असतं.

आतेभावाला मी हे सगळं कळवलं. त्याने कॅमेऱ्याची किंमत विचारली, आणि तिकडे बसून मोबाईलवर माकडं दिसतील का तेही. दिसतील, म्हटलं. सध्या तो आमच्या वाडीतल्या एका मुलाशी महिन्याच्या पगाराचं बोलतो आहे. रोज सकाळ-संध्याकाळ एक फेरी, हातात गोफण, सोबत कुत्रा. मुलगा पैसे जास्त मागतो आहे.