ओपन सेसमी (फ्रेडी हबर्डचा अल्बम)

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्ड (१९३८–२००८) याचा स्वतःच्या नावाने निघालेला पहिला अल्बम. १९ जून १९६० रोजी न्यू जर्सीतील एंगलवूड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत तो एका दिवसात मुद्रित झाला. ब्लू नोट या जॅझ ध्वनिमुद्रण कंपनीसाठी आल्फ्रेड लायनने त्याची निर्मिती केली. नाव अलीबाबाच्या गोष्टीतले, म्हणजे आपल्याकडचे ‘तिळा तिळा दार उघड’.

हबर्ड इंडियानापोलिसचा. १९५८ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. नामवंत ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन १९५६ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी मोटार अपघातात गेला होता आणि त्याच्या वादनाची छाप बहुतेक तरुण ट्रम्पेटवादकांवर होती. हबर्डवरही ती आहे, पण त्याचा सूर अधिक धारदार आणि तानांची झेप अधिक धीट. मुद्रणाच्या वेळी तो २२ वर्षांचा होता. पियानोवादक मकॉय टायनर २१ वर्षांचा आणि ड्रमवादक क्लिफर्ड जार्विस तर अवघा १८ वर्षांचा. डबल बेसवर सॅम जोन्ससारखा मुरलेला वादक असल्याने या तरुण संचाची लय कुठेही ढळत नाही. टायनर त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या संचात गेला.

अल्बमचा खरा आधारस्तंभ मात्र टेनर सॅक्सोफोनवादक टीना ब्रुक्स हा आहे. शीर्षकरचना त्याची, ‘जिप्सी ब्लू’ही त्याचीच. दोन्ही मायनर (उदास छटेच्या स्वरश्रेणीच्या) वळणाच्या, हार्ड बॉप या ब्लूजचा रंग असलेल्या जोरकस जॅझ शैलीतल्या. दुसरीला लॅटिन ठेक्याचा रंग. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून मूळ चाल मांडतात आणि मग एकेक वादक ती आपापल्या परीने खुलवत नेतो. हबर्डचा सूर लखलखीत, ब्रुक्सचा काहीसा हळवा आणि मागे रेंगाळणारा. या फरकामुळेच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो.

‘बट ब्युटिफुल’ ही विलंबित लयीतली रचना तरुण वादकाची कसोटी पाहणारी. द्रुत लयीत बोटांची चपळाई साथ देते. इथे मात्र प्रत्येक लांब सूर श्वासावर तोलून धरावा लागतो. हबर्ड तो घाई न करता धरतो. ‘ऑल ऑर नथिंग ॲट ऑल’ हे फ्रँक सिनात्राने गाजवलेले गाणे येथे वेगाने वाजवले आहे. ‘वन मिंट जुलेप’ हे मूळचे क्लोव्हर्स या गायकवृंदाचे रिदम अँड ब्लूज गीत. ‘हब्ज नब’ ही सहा रचनांपैकी हबर्डची एकमेव.

सहाच दिवसांनी, २५ जूनला, त्याच स्टुडिओत ब्रुक्सचा ‘ट्रू ब्लू’ मुद्रित झाला आणि त्यात हबर्ड साथीला बसला. सॅम जोन्स दोन्हीकडे होता. हे दोन अल्बम जोडीने ऐकावेत. एकात जो प्रमुख, तोच दुसऱ्यात साथीदार.

पुढे दोघांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या. हबर्ड १९६१ मध्ये ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या संचात ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या जागी आला आणि नंतर त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. ब्रुक्सने आपल्या नावाने चार अल्बमांपुरते वादन मुद्रित केले होते, पण १९७४ मध्ये तो वारला तोवर त्यांतला ‘ट्रू ब्लू’ एवढाच बाजारात आला होता.