जुनी गाडी घेताय? आधी ती नावावर करून घ्या

खान्देशात जुन्या दुचाकीचा व्यवहार अजूनही बराचसा विश्वासावर चालतो. पैसे हातात पडतात, किल्ली आणि आरसी बुक दिलं जातं, कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, दोन सह्या होतात आणि गाडी दुसऱ्या गावाला निघून जाते. पुढे ती आणखी दोघा-तिघांकडे फिरते, पण आरटीओच्या दप्तरी मालक पहिलाच राहतो. अपघात झाला की पोलीस, कोर्ट आणि विमा कंपनी त्या दप्तरातलंच नाव बघतात. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं आहे. गाडी कितीही हातांतून गेलेली असो, नोंदीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख आधी लिहा, मगच सही करा.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 50 प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी घेणारा जिथे राहतो तिथल्या कार्यालयाकडे अर्ज जातो. म्हणजे जळगावची एमएच-19 गाडी शहाद्याच्या माणसाने घेतली तर काम नंदुरबारला होईल. नंबर मात्र एमएच-19 च राहतो, तो बदलून एमएच-39 करावा लागत नाही.

सौदा ठरवण्याआधी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. नोंदणी आणि विमा कधीपर्यंत आहे, गाडीवर फायनान्सचा बोजा आहे का, हे तिथे दिसतं. ई-चलन थकलेलं असेल तर ते विकणाऱ्याकडून भरून घ्या, नंतर तेच काम अडवतं. कर्ज फिटलेलं असूनही बोजा तसाच दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो आधी उतरवून घ्यावा लागतो.

अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा आणि फी तिथेच भरायची. फॉर्म 29 म्हणजे विकणाऱ्याची सूचना, तो दोन प्रतींत लागतो. फॉर्म 30 हा दोघांच्या सह्यांचा हस्तांतराचा अर्ज. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड (नसेल तर फॉर्म 60) आणि फोटो. केंद्रीय नियमांप्रमाणे दुचाकीच्या हस्तांतराची मूळ फी 150 रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे. एजंट त्यावर किती मागतोय ते पावतीशी ताडून बघा.

फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसाही लागतो. बहुतेक मोटारसायकलींना हा नंबर हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. तिथला चिखल आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, कागद घट्ट दाबून धरा आणि पेन्सिल आडवी घासा. अक्षरं उमटली की आरसीवरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवा. एखादा आकडा खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी घेऊ नका.

आपल्याकडची खरी अडचण सीमेवरची आहे. पोरं कामाला सुरतेला जातात आणि तिथली जीजे-05 गाडी घेऊन गावी येतात. रावेरला बऱ्हाणपूरच्या आणि शिरपूरला सेंधव्याकडच्या गाड्या येतात. अशा गाडीसाठी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), म्हणजे फॉर्म 28, लागतेच. ती विकणाऱ्याच्या मदतीशिवाय मिळणं अवघड, म्हणून पूर्ण पैसे देण्याआधीच ती हातात घ्या. परराज्यातली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. स्वस्त पडली म्हणून घेतलेली गाडी हा कर धरल्यावर किती स्वस्त राहते, याचा हिशोब आधीच करा.

घरातला कर्ता माणूस गेला की गाडी वर्षानुवर्षं त्याच्याच नावावर चालवली जाते. दुःखात हे सुचत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती जोडावी लागते. 2021 पासून आरसीवर नॉमिनीचं नाव टाकता येतं. तुमच्या आरसीवर ते नसेल तर टाका.

आता विमा. थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीची धडक बसलेल्या तिऱ्हाइताच्या भरपाईचं, संरक्षण कायद्याने गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जातं, तरी पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवायचं. आपल्याच गाडीचं नुकसान मागताना पॉलिसीवर कोणाचं नाव आहे हे आधी विचारतात. विमाच नसेल तर पहिला दंड 2000 रुपये. पण धुळे-सुरत रस्त्यावर तुमच्या गाडीखाली कोणी आलं, तर भरपाई तुम्हालाच द्यायची आहे आणि त्यात शेत विकायची वेळ येते. धडक बसलेल्या माणसाच्या घरी औषधपाण्याचे पैसे येतात तेही या विम्यातूनच. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात गाडी दिली तर कलम 199अ प्रमाणे पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते.

ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी ट्रॉलीचे कागद वेगळे मागा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरच्या कागदांत आपोआप येत नाही. कापूस-केळीच्या हंगामात रात्री भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी करावी लागते, आणि मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर मोटारसायकलवाल्याला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. ट्रॉली ताब्यात घेतानाच रिफ्लेक्टरची पट्टी लावा.

गाडी विकली असेल तर फॉर्म 29 च्या पोचची प्रत, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत आणि तारीख-वेळ लिहिलेली सौदा पावती सांभाळून ठेवा. महिनाभराने एमपरिवहनवर तोच नंबर पुन्हा टाकून बघा. तुमचंच नाव दिसत असेल तर घेणाऱ्याला फोन करा, आणि तो टाळत असेल तर त्या पोचसह आरटीओकडे लेखी अर्ज द्या.