दाढेतला कापूर

परवा सोलापुरात सात रस्ता चौकात चहा पिताना मित्र गालावर हात धरून म्हणाला, "दाढेला लेझर मारून घेतला बे. वीस सेकंदांत सिमेंट वाळलं!" एका दमात दोन चुका. तो लेझर नव्हता, निळा एलईडी दिवा होता. आणि सिमेंट वाळलंही नव्हतं. वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं, गच्चीवरच्या चादरी वाळतात तसं. दाढेतून काहीच उडत नाही. आधी सुटे असलेले रेणू एकमेकांत गुंततात आणि लगदा घट्ट होतो.

प्रकाश पडला की हा गुंता सुरू करून देणाऱ्या पदार्थाला फोटोइनिशिएटर म्हणतात. दाढेच्या सिमेंटमधला बहुतेक वेळा कॅम्फरक्विनोन असतो, म्हणजे चक्क कापराचा भाऊबंद. कापराच्या रेणूत एका कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने चिकटलेला असतो. शेजारच्या कार्बनलाही तसाच ऑक्सिजन जोडला की पांढरा कापूर पिवळा होतो. पिवळा का? कारण आता तो 468 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश गिळू लागतो.

कापराचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. 2021 मध्ये कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज घरोघरी फिरत होते. नाकाला गार वाटतं, एवढंच. ऑक्सिजन वाढत नाही. लहान मुलांच्या पोटात गेला तर कापूर विषारी आहे, हे मात्र त्या मेसेजमध्ये कुणी लिहिलं नव्हतं.

आता दाढेतून प्रयोगशाळेत जाऊ. तिथे हीच युक्ती पाण्यात करायची असते. जिलेटीनची जेली आपल्या ओळखीची. ती साधारण तिशीच्या तापमानाला वितळू लागते. शरीर 37 अंशांचं, आणि सोलापूरच्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून जिलेटीनच्या लांब साखळ्यांवर मेथॅक्रिलॉइल नावाचे आकडे, म्हणजे हुक, बसवतात. हे आकडे एकमेकांत अडकले की जाळं तयार होतं, पाणी त्यात अडकून राहतं आणि जेली 37 अंशांनाही वितळत नाही. हेच हायड्रोजेल. मागावरचं कापड डोळ्यांपुढे आणू नका, इथे उभ्या-आडव्या धाग्यांची शिस्त नसते. सुताचा गुंता म्हणा. त्या गुंत्यात जिवंत पेशी ठेवून कूर्चा किंवा स्नायू कसे वाढतात ते अभ्यासता येतं.

कॅम्फरक्विनोन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून इथे इर्गाक्युअर 2959 नावाचा दुसरा फोटोइनिशिएटर बराच काळ वापरात होता. पण त्याची खरी भूक 280 नॅनोमीटरजवळच्या अतिनील किरणांची, आणि पेशींचा डीएनए ज्या किरणांनी दुखावतो ते त्याच भागातले. पेशींना त्यामानाने कमी त्रास देणाऱ्या 365 नॅनोमीटरवर तो जेमतेम प्रकाश शोषतो. मग लॅप नावाचा क्षार फोटोइनिशिएटर म्हणून पुढे आला; 2009 मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी त्याने पेशींसकट जेल करून दाखवलं. तो पाण्यात सहज विरघळतो आणि 405 नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशावरही चालतो.

प्रकाश पडला की लॅपमधला कार्बन-फॉस्फरस बंध तुटतो. दोन्ही तुकड्यांवर एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो, म्हणून त्यांना मुक्त मूलक म्हणतात. असा तुकडा आकड्यातल्या दुहेरी बंधावर झडप घालतो. बंध उघडतो, पण एकटेपण दुसऱ्या टोकाला सरकतं. ते टोक पुढच्या आकड्याला धरतं, मग त्याच्या पुढच्याला.

मला खरी गंमत वाटते ती यापुढची. ज्या ऑक्सिजनसाठी पुरचुंडी हुंगायची, तो इथे खलनायक आहे. ऑक्सिजनच्या रेणूत मुळातच दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात. मूलक दिसला की तो लगेच त्याला चिकटतो, आणि तयार होणारा पेरॉक्सिल मूलक इतका आळशी की साखळी तिथेच थबकते. म्हणून दिवा लावल्यावर सुरुवातीला काहीच होत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आधी संपावा लागतो. मग जेल एकदम घट्ट होऊ लागतं. वरच्या थराला हवेतून ऑक्सिजन मिळतच राहतो, म्हणून तो चिकट राहतो. उपाय? वर काच ठेवा. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलता येतो, पण आतल्या पेशींना तोच हवा असतो! तिसरी वाट सुंदर आहे: मिश्रणात सल्फर-हायड्रोजन बंध असलेले थायॉल घालायचे. आळशी पेरॉक्सिल मूलक थायॉलचा हायड्रोजन ओढतो, सल्फरवर नवा मूलक जन्मतो आणि तो पुन्हा दुहेरी बंधावर जातो. जोडीला मेथॅक्रिलॉइलऐवजी नॉर्बोर्नीन नावाचे आकडे असले तर ऑक्सिजनची फारशी डाळ शिजत नाही.

प्रकाश जास्त वेळ दिला की जाळं दाट आणि जेल कडक होतं, पण मूलकही वाढतात, आणि ते पेशींनाही सोडत नाहीत. 'प्रिंटरमधून हृदय' अशा बातम्या वाचताना आणखी एक आकडा लक्षात ठेवा: जाड ऊतींतली पेशी रक्तवाहिनीपासून 100-200 मायक्रोमीटरपेक्षा लांब गेली की गुदमरू लागते. जेल घट्ट करणं जमलं आहे, त्यात नळ्यांचं बारीक जाळं बसवणं अजून चालू आहे.

मित्राला यातलं निम्मंच सांगून झालं. त्याचा प्रश्न वेगळाच होता: भरताना पिवळसर दिसणारं सिमेंट नंतर पांढरं कसं झालं? निळा प्रकाश गिळता गिळता कॅम्फरक्विनोन खर्ची पडतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा पिवळेपणाही.