जुन्या मोटारींचे मालक-क्लब आणि मोटार-नियतकालिके

जुन्या मोटारींचे मालक-क्लब : विशिष्ट काळातील, बनावटीच्या किंवा वर्गातील जुन्या मोटारी बाळगणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि रस्त्यावर चालविणाऱ्या हौशी मालकांच्या संस्था. मोटारीचे वय ठरविणे, तिच्या खरेपणाची ग्वाही देणे आणि तिचा इतिहास लिहिणे ही कामे या क्षेत्रात सरकारने किंवा कारखान्यांनी केली नाहीत. ती या हौशी मंडळींनी अंगावर घेतली आणि त्यांचे निर्णय सर्वमान्य झाले ते मुख्यतः मोटार-नियतकालिकांमुळे. क्लबचा संस्थापक आणि नियतकालिकाचा लेखक अनेकदा एकच माणूस असे, त्यामुळे दोहोंचा इतिहास वेगळा काढता येत नाही. ही चळवळ ब्रिटनमध्ये आकारास आली व तेथूनच तिची परिभाषा इतरत्र पसरली, म्हणून या नोंदीत ब्रिटनचाच विचार प्राधान्याने केला आहे.

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी 4 मैल आणि गावात ताशी 2 मैल एवढ्याच वेगाची मुभा होती, शिवाय वाहनापुढे एक माणूस पायी चालविणे बंधनकारक होते. ही बंधने सैल करणारा कायदा 14 नोव्हेंबर 1896 रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी मोटारींचा एक जथा लंडनहून समुद्रकाठच्या ब्राइटनला रवाना झाला. पुढील तीस वर्षांत मोटारीची रचना इतक्या झपाट्याने बदलली की त्या पिढीची वाहने निव्वळ भंगार ठरली. 1927 मध्ये ‘डेली स्केच’ या लंडनच्या दैनिकाने ही ऐतिहासिक फेरी पुन्हा घडवून आणली, तेव्हा त्यामागे खपाचा विचार होता आणि म्हाताऱ्या गाड्यांची थोडी थट्टाही होती. 1928 व 1929 या वर्षांच्या फेऱ्या ‘द ऑटोकार’ या 1895 पासून निघणाऱ्या साप्ताहिकाने पुरस्कृत केल्या आणि 1930 पासून आयोजन रॉयल ऑटोमोबाईल क्लबकडे गेले. क्लब स्थापन होण्याआधी वृत्तपत्र आणि नियतकालिक यांनी पुढाकार घेतला होता, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

1930 च्या फेरीनंतर ब्राइटनच्या ओल्ड शिप हॉटेलात जमलेल्या मंडळींतून ‘व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ उभा राहिला. त्याच्या तीन संस्थापकांपैकी एक, सॅमी डेव्हिस, हे ‘द ऑटोकार’चे क्रीडा-संपादक होते आणि 1927 ची फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत त्यांनी बेंटली मोटारीतून जिंकलेली होती. ब्राइटन फेरीसाठी 1905 पूर्वी बांधलेल्याच गाड्या पात्र मानल्या गेल्या आणि त्यामुळे एक अवघड प्रश्न उभा राहिला : कारखाना केव्हाच बुडालेला, कागदपत्रे नाहीत, इंजिन एका गाडीचे तर चाके दुसरीची, अशा वाहनाचे साल ठरवायचे कसे? क्लबने यासाठी तज्ज्ञ सभासदांची समिती नेमली. ती चेसिस (गाडीचा सांगाडा), गिअरपेटी, कार्बुरेटर, प्रज्वलनाची पद्धत यांची जुन्या किंमतपत्रकांशी आणि नियतकालिकांतील वर्णनांशी तुलना करून वर्षाचा दाखला देऊ लागली. ‘द ऑटोकार’सारख्या साप्ताहिकांनी मोटार-प्रदर्शनांची जी तपशीलवार वर्णने आकृत्यांसह छापली होती, ती मूळ वाचकांच्या दृष्टीने आठवड्याभरात शिळी झाली असतील, या समितीच्या लेखी मात्र ती पुरावा ठरली.

दुसरा, आणि वृत्तीने अगदी वेगळा, क्लब म्हणजे 1934 मध्ये स्थापन झालेला ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’. फार श्रीमंत नसलेल्या तरुणांना आपल्या जुन्या वेगवान गाड्या स्पर्धेत उतरविता याव्यात, एवढाच त्याचा प्रारंभीचा हेतू होता. सुरुवातीला गाडी किमान पाच वर्षे जुनी असावी असा नियम होता. पुढे 1930 ची अखेर ही ‘व्हिंटेज’ गाडीची कायमची सीमारेषा ठरली. ही रेषा केवळ कॅलेंडरवरून आखलेली नव्हती. 1931 मध्ये बेंटली कंपनी दिवाळखोरीत निघून रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. मंदीच्या त्या वर्षांत स्वस्त, मोठ्या प्रमाणावर निघणाऱ्या, पत्र्याच्या दाबीव बॉडीच्या आणि मऊ स्प्रिंगांच्या गाड्यांनी बाजार व्यापला. इंजिन पुढच्या आसाकडे सरकले, त्यामुळे गाडीचा तोल बिघडला आणि चालविण्यातली अचूकता गेली, असे क्लबच्या सभासदांचे ठाम मत होते. मतच ते, त्याला अपवाद भरपूर होते. म्हणूनच 1931 ते 1940 या काळातील निवडक दर्जेदार गाड्यांसाठी एक वेगळा वर्ग नंतर मान्य करावा लागला आणि त्यात कोणती बनावट बसते, कोणती नाही, यावर सभासदांचे वाद रंगत राहिले. मूठभर तरुणांच्या आवडीनिवडीतून निघालेली ही रेषा आज अनेक लिलावगृहे आणि विमा कंपन्या वापरतात.

या क्लबचा आवाज दूरवर पोचविला तो ‘मोटर स्पोर्ट’ या मासिकाने. 1924 मध्ये ‘ब्रुकलँड्स गॅझेट’ या नावाने, म्हणजे 1907 साली बांधलेल्या प्रसिद्ध शर्यतमार्गाच्या नावाने, ते सुरू झाले आणि 1925 मध्ये त्याचे नाव बदलले. 1936 मध्ये बिल बॉडी संपादक झाले आणि 1991 पर्यंत त्या पदावर राहिले. 2011 मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत ते या मासिकात लिहीत होते. दुसऱ्या महायुद्धात शर्यती थांबल्या, ब्रुकलँड्स कायमचे बंद झाले, 1942 मध्ये खासगी वाहनांचा पेट्रोलचा मूलभूत कोटाही रद्द झाला. मोटार-मासिकाला छापण्याजोगे काही उरलेच नव्हते, असे म्हणायला हरकत नाही. बॉडी यांनी सरकारी नोकरी सांभाळून मासिक चालू ठेवले आणि पाने वाचकांच्या हवाली केली : आजवर आपण कोणकोणत्या मोटारी बाळगल्या, त्या कितीला घेतल्या, कुठे मोडल्या आणि का विकल्या, याची आत्मवृत्ते सभासद पाठवू लागले. या लेखमालेतून सामान्य मालकाच्या अनुभवाचा जो साठा झाला तो कारखान्यांच्या दप्तरांत कधीच सापडला नसता. युद्धानंतरही व्हेटरन, एडवर्डियन (म्हणजे व्हेटरन व व्हिंटेज यांच्या मधल्या काळातील) आणि व्हिंटेज गाड्यांच्या बातम्यांचे सदर, जुन्या गाड्यांविषयीच्या पत्रांचे वेगळे पान आणि विस्मृतीत गेलेल्या बनावटींवरील लेख त्यात नियमितपणे येत राहिले. गोठ्यात किंवा कोठारात सापडलेल्या एखाद्या चेसिसचा क्रमांक छापायचा आणि पुढील अंकात तिच्या पहिल्या मालकाच्या मुलाचे पत्र यायचे, अशी ही देवघेव होती.

बॉडी केवळ वार्ताहर नव्हते. 1939 मध्ये ऑस्टिन सेव्हन या 747 घन सेंटीमीटर इंजिनाच्या छोट्या मोटारीच्या चाहत्यांसाठी ‘750 क्लब’ स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. ही गाडी 1922 पासून लाखोंच्या संख्येने निघाली होती आणि जुनी झाल्यावर अगदी किरकोळ किमतीला मिळे. युद्धोत्तर काळात या क्लबने अशा गाड्यांपासून घरच्या घरी शर्यतीची वाहने बनविण्याची नियमावली तयार केली आणि तिच्या मर्यादेत प्रयोग करणाऱ्यांत पुढे लोटस कंपनी नावारूपास आणणारे कॉलिन चॅपमन होते. जुन्या गाड्यांचा छंद म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, हा समज या एका उदाहरणाने तरी खोटा ठरतो.

एकाच बनावटीला वाहिलेले क्लबही याच काळात वाढले. बुगाटी मालकांचा क्लब 1929 चा, एमजी कार क्लब 1930 चा, बेंटली चालकांचा क्लब 1936 चा. त्यांपैकी बुगाटी क्लबने ग्लॉस्टरशरमधील प्रेस्कॉट येथील जमीन घेऊन तेथे टेकडी चढण्याच्या स्पर्धांसाठी मार्ग विकसित केला आणि ‘बुगँटिक्स’ नावाचे स्वतःचे नियतकालिक चालविले. गिअरऐवजी साखळ्यांनी चालणाऱ्या फ्रेझर नॅश मोटारींचे मालक स्वतःला ‘चेन गँग’ म्हणवून घेतात आणि त्यांच्या पत्रिकेच्या नावातही ते बिरुद आहे. अशा अंतर्गत पत्रिकांचा वाङ्मयीन दर्जा बेताचाच असतो. सहलींचे वृत्तान्त, जेवणावळींची छायाचित्रे आणि चिटणीसांची वर्गणीची आठवण यांनी त्या भरलेल्या असतात. पण मॅग्नेटो (इंजिनातील ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र) कसा जुळवावा, तडकलेला सिलिंडर-ब्लॉक कसा सांधावा, कोणत्या चेसिसवर मूळ कोणती बॉडी होती, हे ज्ञान अन्यत्र कुठेही छापलेले नाही. दुकानातल्या मासिकांत ‘क्लब वार्ता’ म्हणून येतो तो या मजकुराचा अगदी वरवरचा थर.

1953 मध्ये ब्राइटन फेरीवर बेतलेला एक विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि हा छंद घराघरांत पोचला. 1956 मध्ये लॉर्ड माँटेग्यू यांनी केवळ जुन्या वाहनांना वाहिलेले मासिक काढले; त्यांनीच ब्यूली येथील आपल्या संग्रहालयाच्या आवारात 1967 पासून सुट्या भागांचा वार्षिक बाजार भरविला. खरा पालट झाला तो 1973 च्या सुमारास. ‘क्लासिक कार’ हे मासिक त्या वर्षी निघाले आणि 1945 नंतरच्या जॅग्वार, एमजी, ट्रायम्फ यांसारख्या, जुन्या व्याख्यांत न बसणाऱ्या गाड्यांनाही प्रतिष्ठेचे नाव मिळाले. त्याच वर्षी स्थापन झालेला ‘एमजी ओनर्स क्लब’ एका बनावटीच्या क्लबांत सर्वांत मोठ्यांपैकी एक ठरला. 1980 मध्ये ‘प्रॅक्टिकल क्लासिक्स’ आणि 1982 मध्ये ‘क्लासिक अँड स्पोर्ट्‌सकार’ आले. पहिल्याने गंज कापून पत्रा कसा जोडावा हे शिकविले, दुसऱ्याने रंगीत छायाचित्रे आणि लिलावांचे निकाल यांना मानाचे स्थान दिले. मासिकांतून किमतींचे तक्ते नियमित छापले जाऊ लागल्यावर सभासदाची गाडी ही गुंतवणूकही झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते या टप्प्यावर वाचकांच्या पत्रांचे महत्त्व घटले आणि मजकुराची खोलीही कमी झाली, जरी त्या तक्त्यांमुळेच अनेक गाड्या भंगारातून वाचल्या हे मान्य करावे लागते.

पैसा आला तसे खरेपणाचे वाद न्यायालयात गेले. 1929 आणि 1930 अशी दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली पुढे अनेकदा बदलली गेली. 1932 मध्ये ब्रुकलँड्सवरील शर्यतीत तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला आणि नंतर तिच्यावर नवी बॉडी चढली. या गाडीचा एक कोटी पौंडांना झालेला व्यवहार खरेदीदाराने मोडला, तेव्हा मूळ गाडीचे किती भाग शिल्लक आहेत यावर लंडनच्या उच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. सुटे भाग बदलत गेले तरी गाडीचे अस्तित्व अखंड राहिले आहे आणि तिची जागा दुसऱ्या कोणत्याही गाडीने घेतलेली नाही, असा त्याचा मथितार्थ होता. क्लबच्या दाखला-समित्या जो प्रश्न चहाच्या टेबलावर सोडवीत, त्याला आता वकील लागू लागले.

शासनानेही क्लबांच्या या अधिकाराचा वापर केला आहे. ब्रिटनमध्ये जुन्या वाहनांच्या नोंदी मध्यवर्ती संगणकात चढविण्याची मुदत 1983 मध्ये संपली. ज्या गाड्या त्यातून सुटल्या त्यांचा मूळ क्रमांक परत मिळविण्यासाठी नंतर जी व्यवस्था झाली, तीत मान्यताप्राप्त क्लबची शिफारस ग्राह्य धरली जाते. कायदेमंडळापुढे बाजू मांडण्यासाठी 1988 मध्ये क्लबांचा ब्रिटिश महासंघ स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय महासंघ, ‘फिवा’, 1966 मध्ये स्थापन झाला होता आणि तो किमान 30 वर्षे जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनास ऐतिहासिक मानतो. अमेरिकेत अँटिक ऑटोमोबाईल क्लब 1935 मध्ये निघाला; तेथे 1954 पासून निघणाऱ्या ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ने जवळजवळ केवळ छोट्या जाहिरातींच्या बळावर तेच काम केले जे ब्रिटनमध्ये वाचकांच्या पत्रांनी केले.

भारतात पुढाकार पुन्हा एका वृत्तपत्राचाच होता : ‘द स्टेट्समन’ने 1964 मध्ये दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली आणि पुढे ती कोलकात्यातही भरू लागली. मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ कार्यरत आहे आणि त्याचे अध्यक्ष राहिलेले प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह अहमदाबादजवळच्या संग्रहालयात आहे. भारतातील गाड्यांचा इतिहास संस्थानिकांशी जोडलेला असल्याने येथील लेखनात मालकाचे घराणे आधी आणि गाडीचे यंत्र नंतर येते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक ही जर्मन बनावटीची मोटार दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा मराठी वृत्तपत्रे तिचा फोटो आवर्जून छापतात. तिचे इंजिन, बॉडी बांधणारे आणि दुरुस्ती यांविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. 1998 मध्ये ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि 1999 मध्ये ब्रिटिश साप्ताहिकाच्या नावाने ‘ऑटोकार इंडिया’ ही मासिके निघाली, त्यांनी रॅली व प्रदर्शनांचे वृत्तान्त छापले. पण त्यांचा मुख्य वाचक नवी गाडी घेणारा असल्यामुळे जुन्या गाड्यांना मिळणारी जागा साहजिकच मर्यादित राहिली. सुट्या भागांची आयात दुरापास्त असलेल्या दशकांत येथील गाड्या चालू ठेवल्या त्या लेथवर भाग घडविणाऱ्या मिस्त्रींनी, आणि त्यांच्या कामाची नोंद क्लबच्या पत्रिकांतही फारशी आढळत नाही.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनास व्हिंटेज मानले जाते. त्याच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती 10 वर्षे वैध असते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. या व्याख्येची रेषा दरवर्षी पुढे सरकत असल्याने 1970 च्या दशकातील कुर्ल्यात बनलेली प्रीमियर मोटारही वयाच्या निकषावर तीत बसू शकते, जी व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या मूळ व्याख्येत कधीच बसली नसती.