पाणी पिणाऱ्या प्लास्टिकला रंग देताना

कोकणात बंदूक म्हटली की आठवते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची लाकडी दस्त्याची बाराबोअर. माकडं आणि रानडुकरांसाठी घेतलेली, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत तिला तेलाचा हात फिरला नाही, की नळी गंज धरतेच. पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या सांगाड्याच्या पिस्तुलांनी निदान सांगाड्यापुरता हा प्रश्न सोडवला. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये असंच ग्लॉक पिस्तूल स्वीकारलं आणि ‘प्लास्टिकची पिस्तुलं’ जगभर पसरली. आता मालकांना काळ्याऐवजी खाकी हवा असतो, हिरवा हवा असतो. आणि हौसेने दिलेला रंग वर्षभरात पोपडे धरतो.

दोष बहुधा रंगाचा नसतो. पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पाणी टाकून पाहा: थेंब गोळा होऊन बसतो, पसरत नाही. जिथे पाणी पसरायला तयार नाही, तिथे रंगालाही पकड मिळणं कठीण. त्या मानाने नायलॉन बरं, आणि हे सांगाडे सहसा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनसारख्या प्लास्टिकचेच असतात. पण त्याची खोड वेगळी आहे. ते पाणी पितं.

नायलॉनच्या रेणूसाखळीत ठरावीक अंतरावर अमाइड गट असतात आणि ते पाण्याचे रेणू धरून ठेवतात. शुद्ध नायलॉन-६ पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषतं. काचतंतूंमुळे हे प्रमाण घटतं, शून्य होत नाही. जुलैत आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्याच हवेत हा सांगाडाही मुरत असतो. मग कुणी त्यावर रंग मारून तो भट्टीत ठेवला, की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर निघू पाहतं आणि वाटेत रंगाचा थर आडवा येतो. परिणाम म्हणजे फोड आणि सुईच्या टोकाएवढी भोकं.

म्हणून जाणता कारागीर आधी तेलकटपणा काढतो, बारीक कणांच्या हलक्या माऱ्याने पृष्ठभाग खरखरीत करतो आणि मग सांगाडा कोराच तापवतो. जे पाझरतं ते इथेच पाझरू द्यायचं, पुसायचं, मगच रंग. सेराकोटसारखे सिरॅमिक-मिश्रित थर धातूवर १२० अंशांच्या आसपास भाजतात. प्लास्टिकवर मात्र ६५ अंशांच्या आसपास, जास्त वेळ. घाई करून आच वाढवली तर सांगाडाच वाकतो. एवढं सांभाळलं तर हाच थर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. डब्यातल्या फवाऱ्याचा रंग म्यानातून चार वेळा काढला-घातला की कडांना उडतो.

खरा पक्का रंग मात्र वरून देतच नाहीत. १९५९ मध्ये रेमिंग्टनने नायलॉन-६६ नावाची रायफल काढली. तिचा दस्ता तपकिरी, हिरवा, काळा असा मिळे आणि रंग साच्यात ओतण्याआधीच नायलॉनमध्ये मिसळलेला असे. ओरखडा पडला तरी खाली तोच रंग. काळ्याची तर आणखी एक गंमत आहे: त्यातली काजळी ऊन झेलते, म्हणून कारखान्यांना काळाच सोयीचा.

तरी रंगवायचंच असेल तर काम डिसेंबर-जानेवारीत द्या, तेही परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. आणि अनुक्रमांक आधी झाकून घ्यायला सांगा. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तो पुसणं किंवा बदलणं गुन्हा आहे.