बर्फ पडेल की काच? ठरतं दीड किलोमीटरवर

शिवाजीनगरच्या ‘शिमला ऑफिस’ला हे नाव मिळालं, कारण 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. नाव बर्फाच्या गावाचं, पण पुण्याचा नीचांक 1.7 अंश, तोही 17 जानेवारी 1935 चा. तरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळी वादळ येऊ घातलं की इथल्या हवामानवेड्यांत वाद रंगतो. मुलं-भाचरं न्यू जर्सीला असतात, त्यामुळे जीवही गुंतलेला असतो. “युरोपियन 12 इंच बर्फ दाखवतंय!” “पण जीएफएस 5 च्या वर जायलाच तयार नाही.” ही दोन्ही संगणकावर अंदाज काढणारी हवामान मॉडेलं, एक युरोपचं, दुसरं अमेरिकेचं.

इंचांवर भांडण्याआधी एक गोष्ट बघावी: ढगापासून जमिनीपर्यंत शून्य अंशाची रेषा किती वेळा ओलांडली जाते?

ढगात उणे 12 ते उणे 18 अंशांच्या पट्ट्यात सहा फांद्यांचे सुंदर हिमकण झपाट्याने वाढतात. खालपर्यंत सगळी हवा शून्याखाली असेल तर ते तसेच उतरतात, भुरभुरतात. पण वादळ समुद्रावरची उबदार हवा ओढून आणतं आणि ती जमिनीलगतच्या जड थंड हवेवर चढते. हा उबदार थर बहुधा हवेचा दाब 850 हेक्टोपास्कल असतो त्या उंचीच्या आसपास सापडतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर, सिंहगडाच्या माथ्याहून थोडं वर. तिथे तापमान 3 अंशांच्या पुढे गेलं की हिमकण पुरता वितळून थेंब होतो. खालचा थंड थर जाड असेल तर थेंब वाटेतच गोठतो आणि साबुदाण्याएवढे टणक दाणे टपटपतात. यालाच स्लीट म्हणतात. थंड थर पातळ असेल तर गोठायला वेळच मिळत नाही. थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदीला, तारेला, रस्त्याला टेकला की गोठून काच होतो. हा गोठणारा पाऊस सगळ्यात घातक.

तो का, हे एका तारेवर बघा. 8 मिलिमीटर जाडीच्या तारेभोवती सगळीकडून 6 मिलिमीटर बर्फ चढला तर दर मीटरला साधारण 240 ग्रॅम वजन वाढतं. दोन खांबांत 50 मीटर अंतर असेल तर 12 किलो. थर 12 मिलिमीटर झाला की तेच वजन 34 किलोंवर जातं. जाडी दुप्पट, भार जवळजवळ तिप्पट. वर वारा आणि मोडून पडणाऱ्या फांद्या. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक भागात असा पाऊस पाच-सहा दिवस पडत राहिला आणि लाखो घरं ऐन थंडीत अंधारात गेली.

या पावसाला स्वतःचाच एक लगामही आहे. पाणी गोठताना दर ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता सोडतं. खालून कोरडी थंड हवा येत राहिली नाही, तर जमिनीलगतचं तापमान हळूहळू शून्यावर येतं आणि बर्फ चढायचा थांबतो. म्हणून वाऱ्याची दिशा बघायलाच हवी. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांच्या पूर्वेला ईशान्येकडून थंड हवा पाझरत राहते आणि डोंगराला अडून साचते. तिथे “दुपारी ऊब येईल” या अंदाजावर फार विसंबू नये.

दुसरी फसगत साध्या थर्मामीटरने होते. हवा 2 अंश, म्हणजे पाऊसच, असं वाटतं. पण दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, उणे 8 असेल तर हवा कोरडी आहे. तीतून पडणारं पाणी वाफ होताना हवा गार करतं, आपला माठ जसा गार होतो तसं. मग तापमान उणे 1 च्या आसपास उतरतं आणि पावसाचा बर्फ होतो. त्यामुळे वेट बल्ब तापमान बघा, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते.

फुकट मिळणाऱ्या रंगीत नकाशांतला मोठा दोष म्हणजे बरेचसे नकाशे 10 मिलिमीटर पाण्याचा 10 सेंटिमीटर बर्फ धरतात आणि त्यात स्लीटही मोजतात. कोरड्या थंडीत हे गुणोत्तर 15 ते 20 पट होतं, ओल्या बर्फात 5 पट, स्लीटमध्ये त्याहूनही कमी. 12 इंचांचा नकाशा प्रत्यक्षात 3 इंचांवर येऊ शकतो तो असा.

एका नकाशावर पैज लावू नये, याला आणखी कारण आहे. जानेवारी 2015 मध्ये न्यूयॉर्क शहराला दोन फुटांपर्यंत बर्फाचा इशारा होता. वादळ जरासं पूर्वेला सरकलं आणि सेंट्रल पार्कमध्ये 9.8 इंच पडला. लाँग आयलंडच्या पूर्व भागाला मात्र दोन फूट मिळाला. युरोपियन मॉडेल थोड्याथोड्या फरकाने 51 वेळा चालवतात. ते 51 अंदाज किती विखुरलेत, यावरून भरवसा किती ठेवायचा ते कळतं. आपल्या पहाटे साडेपाचच्या सुमाराला जगभर हवा मोजणारे बलून सुटतात. त्यांच्या नोंदींवरचा जीएफएसचा अंदाज पुण्यात सकाळी नऊनंतर दिसू लागतो, युरोपियन दुपारच्या सुमाराला.

मोजमापही नीट हवं. तिकडच्या मंडळींना सांगा: 40 बाय 60 सेंटिमीटरची पांढरी फळी मोकळ्यावर, भिंतीपासून लांब ठेवा. मोजून फळी साफ करायची ती सहा तासांतून एकदाच. दर तासाला साफ केली तर बर्फ स्वतःच्या वजनाने दबायचा राहतो आणि बेरीज फुगते. शेवटी, शेजारी ठेवलेल्या उभ्या डब्यात साठलेला बर्फ घरात वितळवून पाण्याची उंचीही मोजा. गुणोत्तर कुणाचं बरोबर होतं, ते तिथे कळेल.