विंडोजच्या लॅपटॉपवरून वाय-फायची झडती

वर्धा-यवतमाळकडच्या गावांत सेवा केंद्र, कृषी केंद्र, अभ्यासिका असं कुठेही जा, वाय-फाय असतंच. सातबारा आणि पीकविम्याचे अर्ज त्यावरूनच जातात. त्याचा पासवर्ड किती पक्का आहे हे मात्र कोणी तपासत नाही. तपासायची साधनं फुकट मिळतात, पण ती लिनक्स या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात आणि गावातले लॅपटॉप बहुतेक विंडोजचे.

त्यासाठी विंडोज पुसायची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम विंडोजच्या आतच एक आभासी संगणक चालवतो. त्यात काली लिनक्स, म्हणजे सुरक्षा तपासणीसाठीचं लिनक्स, टाकलं की एअरक्रॅक-एनजी हा वाय-फाय तपासायच्या साधनांचा संच हाताशी येतो. खरी अडचण पुढे येते. आतल्या लिनक्सला लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड दिसतच नाही. कार्डाचा ताबा विंडोजकडे असतो आणि लिनक्सला फक्त तारेची एक खोटी जोडणी दाखवली जाते. इंटरनेट चालतं, हवेतले सिग्नल ऐकू येत नाहीत. विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल-२ या सोयीची गतही तीच.

उपाय म्हणजे यूएसबीचं वेगळं वाय-फाय ॲडॉप्टर. ते थेट लिनक्सच्या ताब्यात देता येतं. फक्त त्याची चिप मॉनिटर मोड चालवणारी हवी. साधं कार्ड आपल्या नेटवर्कपुरतंच ऐकतं, या मोडमध्ये ते चॅनेलवरचं सगळं ऐकतं. एआर९२७१ ही जुनी चिप अजूनही उत्तम चालते. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो, पण ती फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर ऐकते.

एअरक्रॅक-एनजीमधलं एअरोडंप हे सिग्नल टिपणारं साधन सुरू केलं की आसपासच्या राउटरांची यादी सरकू लागते. एखादा मोबाइल आपल्या राउटरला जोडला की वरच्या ओळीत ‘हँडशेक’ उमटतं. डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत जोडणीच्या वेळी चार संदेशांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे पडताळण्यापुरता ऐवज असतो. ते टिपलं की पुढचे अंदाज घरी बसून लावता येतात आणि राउटरला पत्ताही लागत नाही.

आता आपल्याकडची सवय पाहा. पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाइल नंबर! दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. गेमिंगचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ४ लाख अंदाज तपासतं, म्हणजे सगळे नंबर तीन तासांच्या आत संपतात. आणि तोच नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला असेल तर तेवढाही वेळ लागत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

ही झडती स्वतःच्या राउटरचीच घ्यावी, नाहीतर मालकाची लेखी परवानगी घेऊन. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये लबाडीने शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ या पुढच्या सुरक्षापद्धतीत असे घरबसल्या अंदाज लावता येत नाहीत. पण जुन्या मोबाइलसाठी राउटरवर दोन्ही पद्धती चालू ठेवल्या तर डब्ल्यूपीए-२ ची वाट उघडीच राहते. म्हणून तिथेही एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा लांबलचक पासवर्ड ठेवावा.